हृदयविकारग्रस्त वृद्धांचे भावनिक स्वास्थ्य

हृदयविकारग्रस्त वृद्धांचे भावनिक स्वास्थ्य हा हृदयरोगशास्त्र, मानसोपचारशास्त्र आणि वार्धक्यवैद्यक या तीन शाखांच्या सीमेवरचा अभ्यासविषय आहे. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा, पूर्ण बरा न होणारा पण औषधांनी आटोक्यात राहणारा विकार घेऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या साठीपुढील व्यक्तींची मनःस्थिती, तिच्यावर आजाराचा होणारा परिणाम आणि तिचा आजारावर होणारा परिणाम यांचा विचार या विषयात केला जातो. नैराश्य आणि चिंता हे त्यातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले घटक आहेत. त्यांची बरीच लक्षणे हृदयविकाराच्या किंवा वार्धक्याच्या लक्षणांसारखीच असल्याने ती अनेकदा ओळखली जात नाहीत. उपचारांनी मनःस्थिती सुधारते, याचे पुरावे चांगले आहेत. त्यामुळे आयुष्य वाढते का, या प्रश्नाचे उत्तर मात्र संमिश्र आहे.

व्याप्ती

रक्ताभिसरण संस्थेच्या दीर्घकालीन विकारांत उच्च रक्तदाब, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा विकार, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पायांतील रक्तवाहिन्या अरुंद होणे, पक्षाघातानंतरची अवस्था आणि हार्ट फेल्युअर यांचा समावेश होतो. भावनिक स्वास्थ्याच्या दृष्टीने यांतील हार्ट फेल्युअर हा विकार सर्वांत बोलका आहे. यात हृदय शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलू शकत नाही किंवा त्यासाठी त्याला जास्त दाब सोसावा लागतो. परिणामी धाप लागते, पायांवर सूज येते आणि थोड्या श्रमानेही थकवा येतो. वयाबरोबर त्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. विकसित देशांत सत्तरीपुढील दहापैकी सुमारे एका व्यक्तीला तो असतो.

या विकाराचे नावच रुग्णाच्या मनावर पहिला आघात करते. मराठीत ‘हार्ट फेल’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या अचानक आलेल्या मृत्यूसाठी वापरला गेला आहे. त्यामुळे तपासणीच्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ असे लिहिलेले पाहून आपले हृदय बंद पडत आले आहे, असा समज रुग्ण आणि कुटुंबीय करून घेतात. वास्तविक योग्य औषधोपचारांवर असे अनेक रुग्ण कित्येक वर्षे हिंडते-फिरते राहतात. निदान सांगताना या शब्दाचा अर्थ उलगडून सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग ठरतो.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतील नैराश्यासंबंधीच्या ३६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सुमारे २१.५ टक्के रुग्णांत दखल घेण्याजोगे नैराश्य होते. आजाराची तीव्रता वाढली की हे प्रमाणही वाढते, असे त्यात दिसले. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनच्या वर्गीकरणातील पहिल्या, म्हणजे सौम्य श्रेणीत ते सुमारे ११ टक्के होते, तर बसल्या जागीही धाप लागणाऱ्या चौथ्या श्रेणीत सुमारे ४२ टक्के. पक्षाघातानंतर साधारण एकतृतीयांश रुग्णांत कधी ना कधी नैराश्य आढळते.

इतिहास

मन आणि हृदय यांचा संबंध वैद्यकाने फार पूर्वीच नोंदवला होता. विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने १७७२ मध्ये छातीतील कळेचे, म्हणजे अंजायनाचे, सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा समकालीन शल्यविशारद जॉन हंटर स्वतःच या विकाराने ग्रस्त होता. रागाने कळ येते हे अनुभवाने ठाऊक असल्याने, आपल्याला चिडवू पाहणाऱ्या कोणाही भामट्याच्या हाती आपले प्राण आहेत, अशा अर्थाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १७९३ मध्ये लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात एका बैठकीतील वादावादीनंतर वयाच्या ६५ व्या वर्षी तो मरण पावला.

विसाव्या शतकाच्या मध्यास मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत असणाऱ्या, स्पर्धाळू व चिडखोर अशा ‘टाइप ए’ स्वभावाचा हृदयविकाराशी संबंध जोडला. ही कल्पना लोकप्रिय झाली, पण पुढील अभ्यासांत ती फारशी टिकली नाही. शिवाय तिचे लक्ष मध्यमवयीन नोकरदार पुरुषांवर होते; वृद्धांच्या, विशेषतः वृद्ध स्त्रियांच्या वाट्याला तिच्यातून काही आले नाही.

संशोधनाची दिशा बदलली ती १९९३ मध्ये. नॅन्सी फ्राशुर-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियल येथे हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांचा मागोवा घेतला. नैराश्य असलेल्यांत पुढील सहा महिन्यांत मृत्यूचा धोका, हृदयाच्या हानीचे प्रमाण लक्षात घेऊनही, सुमारे चौपट होता. तोवर ‘झटक्यानंतर मन खचणारच’ असे म्हणून सोडून दिलेली गोष्ट त्यानंतर धोक्याची खूण म्हणून पाहिली जाऊ लागली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये हृदयरुग्णांची नैराश्यासाठी चाचणी करण्याचा सल्ला दिला.

या इतिहासात जपानमधील एका शोधाचीही नोंद होते. १९९० मध्ये हिरोशिमा येथील डॉक्टरांनी ‘ताकोत्सुबो’ या विकाराचे वर्णन केले. तीव्र दुःख किंवा भीतीनंतर हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. तो प्रामुख्याने रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत आढळतो. धक्क्याने माणूस खचला की ‘हाय खाल्ली’ असे म्हणण्याची मराठीत रीत आहे; त्यामागील निरीक्षण अगदीच निराधार नव्हते, असे या विकाराकडे पाहून म्हणता येते.

दैनंदिन जीवनावरील परिणाम

दीर्घकालीन हृदयविकाराचा मनावरील भार बहुधा एखाद्या मोठ्या घटनेतून येत नाही. तो लहानसहान वजाबाक्यांतून साचत जातो. जिना चढणे बंद होते, मग मंडईत जाणे, मग देवळात किंवा कट्ट्यावर जाणे. शरीरातील जादा पाणी काढून टाकणारी, बोलण्यात ‘लघवीची गोळी’ म्हणून ओळखली जाणारी औषधे हे याचे ठळक उदाहरण आहे. ती घेतल्यावर काही तास वारंवार लघवीला जावे लागते. बाहेर स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसल्याने अनेक वृद्ध, विशेषतः स्त्रिया, लग्नकार्याला किंवा प्रवासाला जाणे टाळतात, अथवा त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. पहिल्याने एकटेपणा वाढतो, दुसऱ्याने सूज आणि धाप. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ पुढे-मागे करणे हा यावरचा साधा उपाय असतो, परंतु संकोचापायी हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आहारातील मिठावरचे बंधन वरवर किरकोळ वाटते. मराठी घरात त्याचा अर्थ लोणचे, पापड, चटणी आणि खारवलेले पदार्थ पानातून जाणे असा होतो. वेगळे शिजवलेले अळणी अन्न वेगळ्या वाटीत वाढले जाते आणि पंगतीतला माणूस पंगतीत असूनही वेगळा पडतो. आयुष्यभर घराचा स्वयंपाक सांभाळलेल्या स्त्रीला आपल्यासाठी दुसऱ्याने वेगळे रांधावे, याची बोच अधिक असते. पाण्याच्या प्रमाणावर मर्यादा असेल तर तहान ही दिवसभराची सोबत होते.

रात्र हा आणखी एक कसोटीचा काळ असतो. आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते, उशांची संख्या वाढते, झोपेतून दचकून उठून बसावे लागते. असा अनुभव एकदा आला की झोपेचीच धास्ती बसते. रुग्णाच्या तोंडी याचे वर्णन ‘जीव घाबरा होतो’ असे येते. मराठीतील ‘जीव’ हा शब्द श्वास, प्राण आणि मन यांना एकत्र कवेत घेतो. त्यामुळे या तक्रारीमागे फुप्फुसातील पाणी आहे, ठोक्यांची अनियमितता आहे, की चिंतेचा झटका आहे, हे शब्दांवरून ठरवता येत नाही, तपासावेच लागते.

सर्वांत खोल भावना बहुधा परावलंबित्वाची असते. वृद्ध रुग्ण मृत्यूच्या भीतीपेक्षा ‘कुणाला ओझे होऊ नये’ ही चिंता अधिक बोलून दाखवतात. औषधांचा खर्च, मुलांच्या रजा, सुनेची ओढाताण यांचा हिशेब ते मनात सतत मांडत असतात आणि त्याच हिशेबापोटी लक्षणे लपवली जातात.

याच्या उलट बाजूचीही नोंद घेणे आवश्यक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मांडणीनुसार, उरलेला काळ मर्यादित आहे याची जाणीव झालेली माणसे जवळच्या नात्यांना आणि अर्थपूर्ण गोष्टींना अग्रक्रम देतात. त्यामुळे वार्धक्यात भावनिक समाधान अनेकदा तरुणांपेक्षा अधिक आढळते. गंभीर आजार असूनही आपले जीवन चांगले आहे असे सांगणारे अनेक वृद्ध भेटतात. म्हणूनच म्हातारपण आणि आजार एकत्र आले की उदासी येणारच, हे गृहीतक चुकीचे ठरते. उदासी असेल तर ती वयाचा अपरिहार्य भाग नसून तपासण्याजोगी आणि उपचार करण्याजोगी अवस्था असते.

ओळखण्यातील अडचणी

नैराश्याची थकवा, निद्रानाश, भूक मंदावणे, हालचाली संथ होणे, लक्ष न लागणे ही लक्षणे हार्ट फेल्युअरमध्येही दिसतात. नैराश्याच्या तपासणीसाठी सर्वत्र वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मागील दोन आठवड्यांतील लक्षणांना ० ते २७ असे गुण देते आणि साधारणपणे १० किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी केली जाते. मात्र तिच्यातील निम्म्याहून अधिक प्रश्न वरील लक्षणांविषयीच असल्याने हृदयरुग्णाचे गुण मनःस्थिती ठीक असूनही वाढू शकतात. वृद्धांसाठी जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी तयार केलेल्या ‘जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल’ मध्ये शारीरिक लक्षणे हेतुतः वगळली आहेत आणि उत्तरे केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी असल्याने ती देणे सोपे जाते.

प्रश्नावलीपेक्षाही एका गोष्टीकडे अनुभवी चिकित्सक लक्ष देतात: पूर्वी आवडणाऱ्या आणि आजही बसल्या जागी करता येण्याजोग्या गोष्टींत रस उरला आहे का? धाप लागते म्हणून फिरणे सुटले तर ते हृदयामुळे. पण नातवंडांशी बोलणे, भजन ऐकणे, वर्तमानपत्र वाचणेही नकोसे झाले, तर कारण बहुधा मनात असते. दुःख न सांगता ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राण नाही’ असे सांगणारे वृद्ध अनेक असतात. काहींत उदासीऐवजी चिडचिड किंवा विसराळूपणाच प्रथम जाणवतो.

मनःस्थिती बिघडण्यामागे शारीरिक कारणेही असू शकतात. रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणे आणि थायरॉइडचे विकार ही त्यांतील नेहमीची. ठोक्यांच्या अनियमिततेसाठी दिले जाणारे अमिओडॅरोन हे औषध थायरॉइडचे कार्य बिघडवू शकते, त्यामुळे ते घेणाऱ्यांत सुस्ती आल्यास थायरॉइडची तपासणी केली जाते. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्यांनी नैराश्य येते, हा समज मात्र अलीकडील मोठ्या विश्लेषणांत खरा ठरलेला नाही. झोपेच्या तक्रारी आणि विचित्र स्वप्ने यांच्याशी त्यांचा संबंध आढळतो. रुग्णालयात असताना वृद्ध रुग्ण एक-दोन दिवसांत असंबद्ध बोलू लागला किंवा गप्प झाला, तर ते नैराश्य नसून तीव्र संभ्रमावस्था असू शकते आणि तिच्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

मन आणि हृदय यांचा परस्परसंबंध

नैराश्यात ताणाशी निगडित चेतासंस्था आणि कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके अधिक सक्रिय राहतात, शरीरातील दाह वाढतो, रक्तातील बिंबिका सहज चिकटतात आणि हृदयाच्या ठोक्यांतील नैसर्गिक चढउतार कमी होतात. हे सारे हृदयाला मारक आहे. तथापि दैनंदिन वर्तनाचा वाटा याहून मोठा असावा, असे दिसते. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील १,०१७ हृदयरुग्णांच्या ‘हार्ट अँड सोल’ अभ्यासात नैराश्यामुळे वाढलेल्या धोक्याचा बराचसा भाग शारीरिक निष्क्रियता आणि तत्सम सवयींनी स्पष्ट होत होता. औषधे न चुकता घेण्याबाबतच्या अभ्यासांच्या विश्लेषणात, नैराश्य असलेले रुग्ण वैद्यकीय सल्ला न पाळण्याची शक्यता सुमारे तिप्पट दिसली. ‘आता घेऊन काय उपयोग’ या वाक्यात दोन्ही आजार एकमेकांना भेटतात.

उपचार

पहिला प्रश्न औषधांच्या सुरक्षिततेचा होता. नैराश्यावरील जुनी, ट्रायसायक्लिक गटातील औषधे ठोक्यांची लय बिघडवू शकत असल्याने हृदयरुग्णांत टाळली जातात. २००२ मधील ‘सॅडहार्ट’ चाचणीत सर्ट्रालिन हे नव्या गटातील औषध ३६९ हृदयरुग्णांत सुरक्षित आढळले. त्यानंतर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर दोन महत्त्वाच्या चाचण्या झाल्या: सर्ट्रालिनची २०१० मध्ये आणि एस्सिटालोप्रॅमची, ‘मूड-एचएफ’ या नावाची, २०१६ मध्ये. दोन्हींत औषधाने नैराश्य निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक कमी झाले नाही आणि मृत्यूचे प्रमाणही घटले नाही. उलट कोरियात हृदयविकाराच्या ताज्या झटक्यानंतर ३०० रुग्णांना एस्सिटालोप्रॅम किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीत, आठ वर्षांच्या पाठपुराव्यात औषध घेतलेल्यांना हृदयाच्या गंभीर घटनांचा त्रास कमी झाल्याचे २०१८ मध्ये नोंदवले गेले. एका आजारातील निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही, एवढे यावरून स्पष्ट होते.

वृद्धांत या औषधांचे काही धोके विशेष लक्षात ठेवावे लागतात. लघवीच्या गोळ्यांबरोबर ती घेतल्यास रक्तातील सोडियम घसरून गोंधळल्यासारखे होणे किंवा तोल जाणे संभवते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी अन्य औषधे चालू असल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते. सिटालोप्रॅमची मात्रा साठीपुढे दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची सूचना आहे. पक्षाघाताच्या ३,१२७ रुग्णांवरील ब्रिटनमधील ‘फोकस’ चाचणीत फ्लुओक्झेटिनने नैराश्य कमी झाले, पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या मनाने सुरू ठेवणे हे वृद्धांच्या पडण्याचे एक मोठे कारण आहे.

संवादाधारित उपचारांत विचार-वर्तन उपचारपद्धतीचा पुरावा सर्वाधिक आहे. २००३ मधील ‘एनरिच्ड’ या २,४८१ रुग्णांच्या चाचणीत या पद्धतीने नैराश्य आणि सामाजिक एकटेपणा कमी झाला, मात्र मृत्यू किंवा दुसरा झटका टळला नाही. या निष्कर्षाकडे बराच काळ अपयश म्हणून पाहिले गेले, हे आश्चर्यकारक आहे. सांधेदुखीवरील औषधाने आयुष्य वाढावे, अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. दुखणे थांबणे पुरेसे मानले जाते. उदासीच्या बाबतीत हाच न्याय लावण्यास हृदयरोगशास्त्राने वेळ घेतला. हार्ट फेल्युअरच्या १५८ रुग्णांवरील २०१५ च्या चाचणीतही या पद्धतीने नैराश्य स्पष्टपणे घटले.

देखरेखीखालील व्यायाम हा मनासाठीही उपचार ठरतो. हार्ट फेल्युअरच्या २,३०० हून अधिक रुग्णांच्या ‘एचएफ-अ‍ॅक्शन’ चाचणीत नियमित व्यायामाने नैराश्याची लक्षणे किंचित पण निश्चित कमी झाली. या चाचणीतील निम्मे रुग्ण साठीच्या आतले होते, ही तिची मर्यादा आहे. गुडघेदुखी, अंधुक दृष्टी आणि पडण्याची भीती असलेल्या पंचाहत्तरीतील रुग्णासाठी कार्यक्रम वेगळा आखावा लागतो. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या ‘योगा-केअर’ चाचणीत झटक्यानंतरच्या योगाधारित पुनर्वसनाने गंभीर घटनांत खात्रीलायक घट दिसली नाही. मात्र रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटू लागले आणि ते पूर्वीच्या दिनक्रमाकडे अधिक प्रमाणात परतले.

काळजी घेणारे

वृद्ध हृदयरुग्णाची काळजी घेणारी व्यक्ती बहुधा स्वतःही वृद्ध असते. अमेरिकेतील रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांच्या १९९९ मधील अभ्यासात, आजारी जोडीदाराची काळजी घेताना ताण अनुभवणाऱ्या ६६ वर्षांपुढील व्यक्तींत चार वर्षांतील मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्के अधिक होता. पतीच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ असलेल्या पत्नीचा स्वतःचा रक्तदाब वर्षभर मोजलेला नसतो, असे चित्र दुर्मीळ नाही. म्हणून तपासणीच्या वेळी सोबत आलेल्या व्यक्तीचीही विचारपूस करण्याची शिफारस केली जाते.

भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक होती. ४५ वर्षांपुढील ७२,००० हून अधिक व्यक्तींच्या २०१७–१८ मधील ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढील सुमारे ८ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे आढळली. निदान झाल्याचे सांगणारे मात्र १ टक्क्याहूनही कमी होते. भारतात हार्ट फेल्युअर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दशकभर लवकर गाठतो. केरळमधील तिरुवनंतपुरम नोंदणीतील १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते. परिणामी येथील अनेक रुग्ण हा आजार सोबत घेऊनच वृद्ध होतात.

वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ पासून राबवला जात आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा, तर मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. महाराष्ट्रात गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ, सकाळी बागेत जमणारे गट, भजनी मंडळे आणि १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत सुरू केलेली हास्यक्लबांची चळवळ यांनी वृद्धांना घराबाहेर पडण्याचे निमित्त दिले आहे. त्यांच्या उपयोगितेला मोठ्या चाचण्यांचा आधार नसला, तरी दररोज ठरावीक वेळी कोणीतरी आपली वाट पाहते आणि गैरहजर राहिल्यास चौकशी होते, ही बाब एकट्या राहणाऱ्या रुग्णासाठी मोलाची असते. जिना उतरू न शकणारा रुग्ण मात्र नेमका या जाळ्याबाहेर राहतो.

अखेरचा टप्पा

हार्ट फेल्युअरचा शेवटचा प्रवास कर्करोगासारखा सरळ उताराचा नसतो. रुग्ण अचानक अत्यवस्थ होतो, सावरतो, पुन्हा घसरतो. यामुळे शेवट जवळ आल्याचे बोलणे सतत पुढे ढकलले जाते. अमेरिकेतील १५० रुग्णांच्या ‘पाल-एचएफ’ चाचणीत नेहमीच्या उपचारांना परिहारक सेवेची जोड दिल्यावर जीवनमान सुधारले आणि चिंता व नैराश्य कमी झाले. भारतात १९९३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झालेल्या कार्यातून केरळात लोकसहभागावर आधारित परिहारक सेवेचे जाळे उभे राहिले. इतरत्र ही सेवा प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत पोहोचते.

ज्यांच्या छातीत धक्का देऊन ठोके पूर्ववत करणारे यंत्र बसवलेले असते, त्यांच्यापुढे एक वेगळाच प्रश्न असतो. असे यंत्र माणसात प्रथम १९८० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बसवण्यात आले. ते प्राण वाचवते. पण त्याचा धक्का वेदनादायक असतो आणि पुढचा कधी बसेल या धास्तीने काही रुग्ण अंघोळ करण्यास किंवा एकटे राहण्यास घाबरतात. अंतकाळी ठोके विस्कळीत होऊ लागले की हेच यंत्र वारंवार धक्के देऊ शकते. धक्का देण्याचे कार्य शस्त्रक्रियेविना, बाहेरून बंद करता येते आणि त्याने मृत्यू तात्काळ ओढवत नाही. हा निर्णय रुग्ण स्वतः बोलू शकत असतानाच, त्याच्या व कुटुंबाच्या संमतीने घेऊन ठेवावा, असे वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.